एक्क्याण्णव नंबरची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची वाटी आहे. हसू नका. वाटीला कसलं आलंय चरित्र, असं मनात आलं असेल तर ते मनातच ठेवा आणि पुढे ऐका. मी ज्या गावची, ते मेक्सिको शहर एका बुजवलेल्या तळ्यावर उभं आहे, आणि तिथे वाटीसुद्धा फुकट बसून खात नाही.

माझा जन्म मेर्सेद बाजारामागच्या एका बोळातला. पत्र्याची चकती फिरत्या लाकडी साच्यावर दाबत दाबत कारागिरानं मला घडवलं, कड वळवली आणि बहिणींच्या चळतीवर भिरकावलं. आम्ही सगळ्या फ्लानसाठी घडलेल्या. फ्लान म्हणजे तुमच्या खरवसाचा चुलतभाऊ समजा. दूध, अंडी, तळाशी साखरेचा करपवलेला पाक, आणि ताटलीत उपडा केला की थरथरत उभा राहतो. दुकानाच्या फळीवर बसून आम्ही दुसरं काही बोलतच नव्हतो. कोणती लग्नघरी जाणार, कोणती खानावळीत, कोणाच्या नशिबी किती पाक, याच गप्पा.

एके दिवशी निकानोर उस्ताद आले. जाड मिशा, खांद्याला पिशवी, आणि घासाघीस अशी की दुकानदारानं शेवटी हात जोडले. त्यांनी आमची अख्खी चळत उचलली. मला वाटलं, माणसाचं मोठं हॉटेल असणार. आणि पहिल्याच दिवशी माझ्यात काय पडलं? चिखल. हिरवट करडा, गार, तळ्याच्या वासाचा चिखल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत झाली. मी फार रडले, पण ॲल्युमिनियम रडलेलं कुणाला दिसत नाही.

ती जागा मातीची प्रयोगशाळा होती. निकानोर तिथले हातकाम बघणारे, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्या शहरात घर, पूल, शाळा काहीही बांधायचं तर आधी खालची माती नळीत भरून तपासायला आणतात, आणि माती तपासायची तर ती आमच्यासारख्या वाट्यांत भट्टीला लावावी लागते. स्वस्त, हलक्या आणि भट्टीला न भिणाऱ्या म्हणून आम्ही. तरी नाव मात्र आमचं तेच राहिलं. उस्ताद आम्हाला फ्लानेराच, म्हणजे फ्लानच्या वाट्याच, म्हणत. दर वेळी ते ऐकून मला न मिळालेला पाक आठवायचा.

उस्तादांनी प्रत्येकीच्या बुडावर ठोकून नंबर घातला. मला मिळाला 91. आता गोल बुडाला वर-खाली काही नसतं. वाटी जरा फिरवून धरली की 91 चा दिसतो 16. म्हणून त्यांनी माझ्या आकड्याखाली एक बारीक रेघ ओढली. रेघ ज्या बाजूला, ती खालची बाजू. मग रिकामी असताना मला तोललं. चाळीस ग्रॅम. प्रत्येकीचं वजन त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यात मांडलं आणि एकदा मांडलं ते मांडलं.

काम काय होतं, ते सांगते. ओली माती माझ्यात घालून तोलायची. रात्रभर भट्टीत ठेवायची. सकाळी कोरडी झाली की पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे उडालेलं पाणी. मग कोरड्या वजनातून मला वजा करायचं, उरते ती निव्वळ माती. पाण्याला मातीनं भागायचं की त्या मातीची ओल कळते. पाणी काढताना माझं वजन दोन्हीकडून आपोआप कटतं, तिथे मी असले काय आणि नसले काय. पण कोरड्या मातीच्या हिशेबात माझं वजन चुकलं तर सगळंच चुकतं. नवशिकी पोरं यायची, त्यांचा हिशेब तीनशे टक्के यायचा आणि त्यांचे चेहरे उतरायचे. शंभरावर टक्के असतात कुठे? उस्ताद मिशीत हसायचे. आमच्या तळ्याच्या मातीत एक भाग माती आणि तीन भाग पाणी असतं, बाबांनो, हे शहर पाण्यावरच उभं आहे, असं म्हणून त्यांच्या पुढ्यात कॉफी ठेवायचे.

त्या मातीला तिथले लोक हाबोनसियो म्हणतात, म्हणजे छोटा साबण. नळीतून काढली की साबणाच्या वडीसारखी घट्ट उभी राहते. बोटांत चोळली की तिची पेज होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख ग्रासिएलाबाई मातीची ओळख तिथूनच सुरू करायच्या. त्या इंजिनियर होत्या, बोलायला तिखट आणि हाताला मऊ. आधी वास घ्यायच्या. मग गोळी तळहातावर थोपटून बघायच्या, पाणी वर येतं का. मग काचेवर वळून तिची बारीक दोरी करायच्या आणि ती कधी तुटते ते बघायच्या. रेती असेल तर दोरी वळतच नाही. गाळ असेल तर लगेच तुटते. ही तळ्याची चिकणमाती मात्र वळतच राहते, वळतच राहते. तेवढं झालं की मग चाळण्या, मग तराजू, आणि शेवटी मातीला तिच्या जातीचं दोन अक्षरी नाव. मी बाजूला बसून सगळं बघायची. खरं सांगते, ते दिवस आठवले की अजून गहिवरून येतं. भट्टीची ऊब, खिडकीतला रेडिओ, मक्याच्या पानात उकडलेले तामाले विकणाऱ्याची आरोळी, आणि आम्ही सगळ्या जणी रांगेत पोटभर माती घेऊन बसलेल्या.

आता मुख्य गोष्ट.

त्लाहुआक भागात, जिथे तळं अगदी परवापरवापर्यंत होतं, तिथे दोमितिलाबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांची शाळा म्हणजे पत्र्याची शेड. खालची जमीन एका बाजूनं खचत चाललेली, त्यामुळे पोरांनी बाकावर पेन्सिल ठेवली की ती घरंगळत भिंतीशी जायची. पोरांनी त्याचाही खेळ केला होता, कुणाची पेन्सिल आधी पोचते. बाईंना तो खेळ बघवत नसे. त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि अखेर वस्तीनं आपलं फुटबॉलचं मैदान शाळेला दिलं. सरकारी समितीनं शाळेला मंजुरी दिली, पण एका अटीवर. मैदानाखालच्या मातीची ओल चारशे टक्क्यांच्या आत हवी. वर गेली तर जागा बाद, आणि शाळा दुसऱ्या वस्तीला.

मैदानात भोक पाडून माती आणली. वरच्या थरांचे नमुने बरे निघाले. खालच्या, सगळ्यात महत्त्वाच्या थरातून दोन नळ्या काढल्या होत्या, त्यांतली एक रिकामीच वर आली. साबणच तो, निसटला. दुसऱ्या नळीत थोडी माती होती. दोमितिलाबाई रोज शाळा सुटली की दोन बस बदलून यायच्या आणि आमच्या दारातल्या बाकावर बसायच्या. निकालाचं विचारायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या, पायाशी तामालेंची पिशवी.

नेमका त्याच आठवड्यात पवित्र क्रुसाचा सण आला होता. बांधकामावर ज्यांचं पोट आहे त्या सगळ्यांचा हा सण. क्रुसाला फुलं, मग जेवणावळ. उस्तादांच्या बायकोनं, चोलेबाईंनी, सगळ्यांसाठी फ्लान करायचं ठरवलं, पण एवढ्या वाट्या आणायच्या कुठून? उस्ताद म्हणाले, वाट्यांचा तर माझ्याकडे डोंगर पडलाय. चोलेबाईंनी नाक मुरडलं. उस्ताद म्हणाले, मातीच आहे ती, विष नाही, आरशासारख्या घासून घे म्हणजे झालं. चोलेबाईंनी तारेच्या घासणीनं आणि राखेनं आम्हाला असं घासलं की आमची आम्हालाच ओळख पटेना.

आणि मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात पाक पडला. त्यावर दूध आणि अंडी. मी वाफेवर बसले, माझ्यात ते हळूहळू धरलं, आणि दुपारी उपडं होऊन ताटलीत थरथरत उभं राहिलं. ग्रासिएलाबाईंनी आधी वाटीचा नंबर बघून कपाळाला आठ्या घातल्या, मग दोन खाल्ले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता, हे मी आजही सांगते.

पण त्या घासणीनं घात केला होता. माझा आकडा खोल ठोकलेला, तो राहिला. आकड्याखालची ती बारीक रेघ पार पुसून गेली.

दोनच दिवसांनी दोमितिलाबाईंच्या मैदानातली माती माझ्यात आली. उस्तादांनी मला उचलून बूड बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, सोळा. खरी सोळा नंबरची वाटी, जाडजूड, माझ्याहून पाच ग्रॅम भारी, कपाटात रेतीच्या पोत्यामागे पडलेली होती. मी ओरडून सांगणार तरी कशी? रात्रभर भट्टीत मी आगीनं नाही, काळजीनं तापले.

सकाळी वजनं झाली. ओली माती आणि मी मिळून शंभर ग्रॅम. कोरडी माती आणि मी मिळून पंचावन्न. पाणी पंचेचाळीस, ते बरोबर. पण पंचावन्नातून माझे चाळीस वजा करायचे, तर त्यांनी सोळा नंबरचे पंचेचाळीस वजा केले. पंधरा ग्रॅम मातीची दहाच ग्रॅम झाली. ओल निघाली साडेचारशे टक्के. म्हणजे मैदान बाद.

उस्तादांनी कागद ग्रासिएलाबाईंपुढे ठेवला आणि दाराबाहेरच्या बाकाकडे बघायचं टाळलं. बाईंनीही सुस्कारा टाकला. तळ्याची माती थराथराला बदलते, साडेचारशे काही अघटित नव्हतं. समितीची बैठक दुसऱ्याच दिवशी होती. नळीतली उरलेली माती दुसऱ्या तपासण्यांत संपली होती. तरी बाईंची एक सवय होती, सही करण्याआधी मातीचा उरलेला हिशेब पुरा मांडायचा. एवढ्या घनफळात कण किती, कणांमधल्या पोकळ्या किती, आणि त्या पोकळ्यांपैकी किती पाण्यानं भरल्यात. पेन्सिल चालली आणि थांबली. उत्तर आलं एकशे पाच टक्के.

ओल तीनशे असू शकते, पाचशेही असू शकते, कारण ती मातीच्या तुलनेत मोजतात. पण पोकळी शंभर टक्क्यांवर भरत नाही. हंड्यात हंड्याएवढंच पाणी मावतं.

उस्तादांना यात काही विशेष वाटलं नाही. असं पाच-सात टक्के पुढेमागे नेहमी होतं, आपण शंभर लिहितो आणि पुढे जातो, असं ते म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं, त्या धंद्यात असं चालतं. बाईंनी शंभर लिहिण्यासाठी पेन टेकवलंही होतं. मग त्या खुर्ची मागे सारून उठल्या.

"उस्ताद, हे जास्तीचं पाणी मी ठेवू कुठे?"

"बाईसाहेब, पाच टक्क्यांना कोण विचारतंय?"

"बाकावर बसल्यात त्या विचारतील. जागा वाईट असेल तर मी त्यांच्या तोंडावर सांगेन. पण चुकीच्या हिशेबानं शाळा घालवणार नाही."

त्यांनी तराजू तपासला. नळीचं माप पुन्हा घेतलं. कणांचं घनत्व पुन्हा बघितलं. सगळं चोख. राहता राहिले मी. माझ्यातली कोरडी माती अजून फेकलेली नव्हती. बाईंनी ती कागदावर काढली, फडक्यानं मला पुसलं आणि उस्तादांना म्हणाल्या की हिला रिकामी तोला.

उस्तादांना ते लागलं. त्यांच्या हातानं एकेक वाटी तोललेली, तक्ता त्यांच्या अक्षरातला, आणि आता त्यांच्यावर संशय. कान लाल झाले त्यांचे. पण त्यांनी मला तराजूवर ठेवलं. मित्रांनो, इतकी वर्षं मी तराजूवर चढत होते ते कुणाची तरी माती पोटात घेऊन. नंबर पडला त्या दिवसानंतर एकटीला मला कुणी विचारलंच नव्हतं. काटा स्थिरावेपर्यंत मी श्वास धरून होते.

चाळीस.

उस्तादांनी तक्त्याकडे बघितलं. सोळा, पंचेचाळीस. पुन्हा तोललं. चाळीस. मग मला उचलून त्यांनी माझं बूड उजेडात धरलं, आणि सावकाश फिरवलं. शेवटी स्टुलावर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले की ही एक्क्याण्णव आहे. बाईंनी विचारलं, रेघ कुठे गेली? चोलेबाईंचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं, मी बघितलं. पण ते म्हणाले, "मीच सांगितलं होतं, आरशासारख्या घास म्हणून."

बाईंनी हिशेब पुन्हा मांडला. माती पंधरा ग्रॅम, पाणी पंचेचाळीस, ओल तीनशे टक्के. पोकळ्या भरलेल्या बरोबर शंभर टक्के. आकडे असे जागच्या जागी बसले की बाई एकट्याच हसल्या. मग स्वतः बाहेर गेल्या आणि दोमितिलाबाईंना आत घेऊन आल्या.

जागा चालेल हे ऐकल्यावर दोमितिलाबाईंनी आधी पिशवीतले तामाले टेबलावर काढले आणि मगच डोळे पुसले. मग म्हणाल्या, वरच्या मजल्यावर वाचनालय करायचा त्यांचा विचार आहे. ग्रासिएलाबाईंनी मान हलवली. मजला एकच, तोही हलका. आणि खाली पोकळ पेटीसारखा पाया. जेवढ्या वजनाची शाळा, तेवढ्या वजनाची माती आधी उपसून टाकायची, म्हणजे जमिनीला वाटतं आपल्यावर कुणी बसलंच नाही. दोमितिलाबाईंचा चेहरा पडला. एवढी वर्षं थांबून एकच मजला?

"तीनशे म्हणजे परवानगी आहे, बाई, मोकळीक नाही," ग्रासिएलाबाई म्हणाल्या.

शाळा उभी राहिली. पुढे वस्ती वाढली, पोरं वाढली, आणि पालक मागे लागले की वर एक मजला चढवा, सिमेंट आम्ही देतो. आजूबाजूला सगळ्यांनी चढवले होते, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दोमितिलाबाईंना लोक हेकट म्हणाले, बुरसटलेल्या म्हणाले. ज्या बाईला वाचनालय हवं होतं तीच आता आडवी येते, असंही म्हणाले. बाईंनी सगळं गिळलं, पण वीट चढू दिली नाही. हे आम्हाला कळायचं, कारण वर्षातून एकदा, सणाला, त्या तामाले घेऊन यायच्या.

मग एका दुपारी जमीन हलली. आम्ही सगळ्या फळीवरून खणखणत खाली पडलो, त्यात माझी कड चेपली. रेडिओ बंद पडला, फोन बंद पडले. त्लाहुआकहून काही कळेना. ग्रासिएलाबाई फाटकाशी उभ्या होत्या. उस्तादांना त्यांनी एकदाच विचारलं की आपला हिशेब बरोबर होता ना.

दिवस मावळताना दोमितिलाबाई आल्या. बस बंद होत्या, त्या चालत आल्या होत्या. केसांत धूळ, पायांत एकच चप्पल. त्यांच्या गल्लीतल्या मजले चढवलेल्या तीन इमारती बसल्या होत्या. फाटकाला धरून त्यांनी दम खाल्ला आणि म्हणाल्या,

"सगळी बाहेर आली. सगळीच्या सगळी."

उस्ताद तोंडावर टोपी धरून रडले. मी जमिनीवर पडलेली होते, मला ते खालून दिसलं.

आता उस्ताद नाहीत. नवीन यंत्रं आली आहेत, ती माती तोलतात आणि हिशेबही स्वतःच करतात. आम्ही जुन्या वाट्या दाराशी एका खोक्यात आहोत, भंगारवाल्याच्या गाडीची वाट बघत. कड चेपल्यापासून आणि इतक्या वेळा घासल्यापासून माझं वजन आता चाळीसही राहिलं नसेल. किती राहिलंय, ते मलाही माहीत नाही.

तेव्हा मित्रांनो, एकच मागणं आहे. आम्हाला वजा जरूर करा, वजाबाकीशिवाय हिशेब होत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण ज्याला वजा करायचं, त्याला आधी एकदा रिकामं तोलून बघा. आळस करू नका. पलीकडे बाकावर कुणीतरी बसलेलं असतं.